सरळ केलेला बांध

‘मंगळवारपासून?’ डॉक्टरांनी मी भरलेला कागद माझ्याकडेच वळवला. त्यावर ‘त्रास कधीपासून’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे मी, माझ्या नीटनेटक्या ड्रॉइंगच्या अक्षरात, मंगळवार असं लिहिलं होतं. ‘भुवईची जखम मंगळवारची आहे. कुंपणाची तार डोळ्यात गेलेली नाही, टाके कोरडे आहेत. मी डोळ्यांबद्दल विचारतेय. यांना किती वर्षं दिसत नाहीये?’

मी हसलो. शनिवार पेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत हसण्यासारखं काही नव्हतं, तरी मी हसलो आणि म्हणालो, ‘अहो, दिसतं की. हे माझे चुलते. चार एकर माळावर परवापरवापर्यंत रोज एकटे म्हशी चारायचे.’ तात्यांची हनुवटी अजून त्या मशीनच्या पट्टीवर टेकलेली होती. ती त्यांनी उचलली नाही. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान असतील, पस्तिशीच्या. बाहेरच्या पाटीवर नम्रता एवढंच मी वाचलं होतं. त्या म्हणाल्या, ‘चारत असतील. मघाशी मी त्यांना बोटं दाखवली, तेव्हा काय म्हणाले ते ऐकलंत ना?’ ऐकलं होतं. ‘बाई, तुमच्याच हाताची बोटं, तुमीच मोजा की,’ असं म्हणाले होते, आणि दाराशी उभी असलेली काउंटरवरची बाईसुद्धा हसली होती, जी त्याआधी मला ‘नातेवाइकांनी बसायचं, खुर्च्या त्यासाठीच आणल्यात’ असं म्हणाली होती. मीही हसलो होतो. तात्यांचं बोलणं असंच, कुठंही न्या. ‘मी एकही बोट वर केलं नव्हतं,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘मूठ होती.’ मग त्यांनी दिवा लावला आणि तात्यांची हनुवटी आपल्या हातानं पट्टीवरून खाली घेतली, हे मला का लागलं कोण जाणे. ‘काचबिंदू. दोन्हीकडे. आतली नस वाळलीये. उजेड आणि अंधार एवढा फरक कळत असेल. सहा वर्षं, सात, कदाचित जास्त. गेलेलं परत येत नाही. आता तुम्ही मला ऑपरेशनचं विचाराल, तर ते मोतीबिंदूचं असतं.’ मी तेच विचारणार होतो.  

जिना उतरताना तात्यांचा हात माझ्या कोपरावर. चढतानाही होता. चढताना मला वाटलं होतं, एका डोळ्यावर पट्टी आहे म्हणून. चढताना मी मनात म्हटलंही होतं की म्हातारा कधी कुणाचा हात धरत नाही, आज धरला, बरं वाटलं. आता तोच हात, तेवढंच वजन. अंगठा आत, चार बोटं बाहेर. माझ्या बाहीतून मला त्या बोटांचं मोजणं कळत होतं. पायरी. पायरी. वळण. पाचव्या पायरीवर माझ्या डोक्यात एक वाक्य आलं, आणि ते मी इथं लिहितो कारण नंतर त्याची साक्ष निघाली: आठ म्हशी एकदम घेणारा गवळी कोण मिळेल.

सात वर्षं म्हणजे. मी गाडीत बसून किल्ली हातात धरून सात मागं गेलो. मग नको वाटलं म्हणून गाडी सुरू केली. पण मागं जाणं काही किल्लीवर नव्हतं. घड्याळ. साठी झाली तेव्हा मी त्यांना घड्याळ दिलं होतं, सोनेरी पट्ट्याचं, ते ते कधी उतरवत नाहीत, आंघोळीलासुद्धा, आणि दर भेटीत विचारतात, ‘रणजित, तुझ्यात किती वाजले? बघ, माझं जरा मागं पडतंय का.’ दर भेटीत मी त्यांचं मनगट हातात धरून वेळ जुळवून बघायचो आणि सांगायचो, ‘बरोबर आहे तात्या, अकरा वीस.’ पूर्णिमा, माझी बायको, एकदा म्हणाली होती, ‘किती जपतात हो तुम्ही दिलेलं.’ अकरा वीस. बारा दहा. सव्वाचार. मी सांगायचो आणि ते मान डोलवायचे, समाधानानं, वेळ कळली म्हणून. टीव्ही. टीव्हीसमोर बसायचे ते बातम्यांना. मी मुलीच्या नाचाचा व्हिडिओ फोनवर त्यांच्या समोर धरला तेव्हा ‘झ्याक’ म्हणाले, आणि फोन थोडा उलटा होता, म्हणजे तिरका, मी तो सरळ केला आणि ते परत ‘झ्याक’ म्हणाले. घरी गेलो की उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी ‘आला का बिबवेवाडीकर?’ मला वाटायचं नजर तीक्ष्ण आहे. माझ्या गाडीचं दार लावल्याचा आवाज. माझे बूट. गावातले सगळे चपलांवर चालतात.

आणि कागद. तो आठवला तेव्हा गाडी सिग्नलला होती आणि सिग्नल सुटला आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि मी कागदावरच होतो. फेब्रुवारी. ओट्यावर मी नकाशा पसरला होता. हडपसरच्या पलीकडचं आमचं गाव महापालिकेत आलं, आजूबाजूला इमारती उठल्या, आणि मध्ये हा चार एकर मुरमाड माळ, ज्यात गवताशिवाय काही येत नाही. आत जायला बोळ, तोसुद्धा पावसात चिखलाचा. दुधाचा टेम्पो बाहेर थांबायचा, काकी डोक्यावर कॅन नेऊन द्यायची. वैरणीचा ट्रक तर आतच येत नसे. शेजारच्यांची आणि आमची हद्द म्हणजे एक वाकडातिकडा बांध, त्यावर शेराचं कुंपण, मोडलं की पांढरा चीक गळणारं, मध्ये एक बोरीचं झाड, एक मोठा धोंडा, घायपाताची दोन बेटं. तीन ठिकाणी बांध आमच्यात घुसलेला, तीन ठिकाणी त्यांच्यात. मी एका कारखान्यात मशीनच्या भागांची चित्रं काढतो. वाकडी रेघ मला बघवत नाही, हे मी गमतीनं सांगत आलोय. मी शेजाऱ्यांशी बोललो, मोजणी करून घेतली, तेवढ्याला तेवढं देऊन बांध सरळ करायचं ठरवलं. बारा फुटी मुरमाचा रस्ता, कडेनं पाण्याचा चर, सिमेंटचे खांब, पाच पदरी काटेरी तार, लोखंडी गेट. सगळा खर्च माझा. तात्यांनी नकाशावर तळहात ठेवला आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू नेला. मला वाटलं, आशीर्वाद. ‘रेघ सरळ काढलीस व्हय?’ मी म्हटलं, ‘एकदम सरळ, तात्या. बघा ना.’ बघा ना, असं म्हणालो मी. ते म्हणाले, ‘बघितली. वळणं लागत हुती मला तितली, पर तू शिकलेला.’ आणि सही कुठं करू म्हणाले, आणि मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं, आणि त्यांनी केली, आणि ती रेघेच्या वर गेली, आणि मी मनात म्हटलं, म्हातारपण.

वळणं लागत हुती. हे वाक्य मी ऐकलं होतं. ऐकल्याचं मला आत्ता आठवतंय, अगदी आवाजासकट, तर ते तेव्हा गेलं कुठं?

‘पूल चढतोय व्हय आपण?’ तात्यांनी विचारलं.

‘हो. हडपसरचा.’

‘म्हंजी अजून अर्धा तास. काकीला फोन लाव, म्हशी हौदावर घे म्हणावं.’

मी लावला नाही. ‘तात्या, कधीपासून?’

‘बाईनं सांगितलं की. सात. बरोबर सांगितलं तिनं. हुशार हाय.’

‘मला का नाही सांगितलंत?’

‘तू इचारलंस?’

‘मला कसं सुचणार विचारायचं?’

‘मग मला कसं सुचणार सांगायचं,’ ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले, जसे ते नेहमी बसतात, काच अर्धी खाली, वारा घेत, आणि मी नेहमी समजत आलो की म्हाताऱ्याला इमारती बघायला आवडतं.

पुलावरून उतरलो. माझ्या कानांत काहीतरी भरलं होतं, पाण्यात बुडी मारल्यावर भरतं तसं, आणि रस्ता अतिशय स्वच्छ दिसत होता. प्रत्येक मोटारसायकलचा नंबर. कंपनीच्या बसमधली झोपलेली पोरं. दुकानांच्या पाट्या मी वाचत होतो, एकही सोडवत नव्हती. एवढं सगळं दिसतं मला. कळलं का, एवढं सगळं. आणि त्याच वेळी दुसरं दिसत होतं ते माळावरचं: तात्या सकाळी घरातून निघतात, पुढं चिंगी, तिच्या पाठीवर तात्यांचा डावा हात, मागं बाकी सात. गावातल्या सगळ्यांना माहीत आहे की भैरूतात्यांचा त्या म्हशीवर जीव. मीसुद्धा ऑफिसात सांगितलंय. माळावर शिरलं की हात म्हशीवरून निघून कुंपणावर. शेराच्या फांद्या मऊ, बोटाएवढ्या, टोचत नाहीत. मग घायपात, पात्याची कड. मग धोंडा, ज्यावर ते बसायचे. मग बोर, तिचा काटा. बोरीपासून तोंड फिरवलं की हौद. सात वर्षं तो माणूस एकट्यानं हे करत होता आणि कुणाला शंका आली नाही, कारण चार एकराची ती कड त्याच्या हाताखालून रोज सरकत होती. ती मी दोन दिवसांत काढली. जेसीबीनं. त्या दिवशी शेराचा चीक इतका सांडला होता की ड्रायव्हर म्हणाला, डोळ्यात जाऊ देऊ नका साहेब, आंधळे व्हाल. मी गॉगल घातला.

त्यानंतर तात्या म्हणायला लागले, गुडघे दुखतात. म्हशी काकी न्यायची. मी म्हटलं, बघा, बरंच झालं, आराम. मग एक रविवार. हे मला आठवायचं नव्हतं, पण गाडी आता गावच्या बोळात, नव्हे, माझ्या बारा फुटी रस्त्यावर शिरली होती आणि खांब एकेक करून काचेतून जात होते. त्या रविवारी मी कुंपणाचे फोटो काढायला आलो होतो. ऑफिसातल्यांना दाखवायचे होते. तर खांबांना चिंध्या. जुन्या लुगड्याच्या काठाच्या, मळकट हिरव्या, कमरेच्या उंचीवर. सगळ्या खांबांना नाही. एकाला एक गाठ, पुढं कुठंतरी दोन गाठी, मग तीन. मला वाटलं नवस, किंवा त्याहून काही वेडगळ. काकी, म्हणजे सोजरबाई, गवताचा भारा घेऊन उभी होती. मी म्हणालो, ‘काकी, कुंपण आहे हे. कपडे वाळत घालायची दोरी नाही.’ ती म्हणाली, ‘राहू दे की रं.’ एवढंच म्हणाली. मी खिशातल्या चाकूनं सगळ्या कापल्या. अकरा होत्या. फोटो चांगले आले. मंगळवारी काकीला ताप होता आणि तात्या गुडघे विसरून एकटे म्हशी घेऊन आले.

गेटाशी काकी उभी होती. मी उतरलो तेव्हा तिनं आधी तात्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या, आणि पदर कमरेला खोचला. भांडणाला उभी राहिल्यासारखी.

‘कळलं तर,’ ती म्हणाली.

‘तू तरी सांगायचंस ना काकी. त्या दिवशी, चिंध्या काढताना, तू समोर होतीस!’

‘यांनी शपथ घातलेली.’

‘शपथ कसली? कशासाठी?’

‘तू म्हशी इकल्या असत्यास,’ काकी म्हणाली. रागानं नाही, गवत वाळलंय म्हणावं तसं. ‘आन् ह्यांना तिकडं तुझ्या घरी नेऊन गॅलरीत बसवलं असतंस. खुर्ची दिली असतीस चांगली.’

नाही म्हणायला मी श्वास घेतला. जिन्याची पाचवी पायरी.  खुर्चीसुद्धा, खरं सांगायचं तर, पुलावरच मी पसंत केली होती, वेताची, हात असलेली.

‘गप गं,’ तात्या म्हणाले. ते गाडीच्या दाराला धरून उभे होते, तोंड माळाकडे. ‘रणजित, हिकडं ये. एक काम कर. मला बोर कुठं हुती तेवढं दाव. बाकी मी बघतो. बोर कळली की हौद चाळीस पावलं, हौद कळला की धोंड्याची जागा, मग झालं. खांब सगळे सारखे लेका. धरला की वाटतं मगाचाच हाय. कितवा मोजू? चुकलो की चुकलोच.’

मी काकीकडे बघितलं. तिनं मान हलवली. ‘मी चिंधी बांधली तवा बोरीचा बुंधा हुता जाग्यावर. मग तुझ्या त्या जेसीबीवाल्यानं त्यो बी काढून सपाट केलं. तीन गाठीची हुती बोरीची.’

‘दाव,’ तात्या म्हणाले.

कुंपणाच्या आत, जिथं जुना बांध होता, तिथं नांगरल्यासारखा भुसभुशीत मातीचा पट्टा होता, अजून गवत न धरलेला. मी त्या पट्ट्यावर उभा राहिलो आणि बघायला लागलो. पाचवीत असताना सुट्टीत मी त्या बोरीखाली दुपारच्या दुपार काढल्या आहेत. माझ्या पोटरीवर तिच्या काट्याचा वण आहे. मोजणीचा नकाशा मला पाठ आहे, प्रत्येक कोपऱ्याचं अंतर, पण त्यात बोर नव्हती, बोरीला कोण नकाशात धरतं. फोनवर वरून काढलेला जुना फोटो उघडला; एक काळसर वाकडी रेघ, अंगठ्याएवढी, कुठंही बोर म्हणा. मी खांब बघितले. एक, शेजारी एक, शेजारी एक. ओळीत. एका डोळ्यानं बघितलं तर पहिल्यामागं सगळे लपत होते, इतके सरळ. तात्या वाट बघत होते. हात थोडे पुढं, बोटं सुटी. त्या वाट बघण्यात काही संशय नव्हता, आणि ते मला सहन झालं नाही.

‘ही इथं,’ मी म्हणालो. एका खांबावर हात आपटला. ‘ही बोरीची जागा.’

‘नक्की?’

‘हो.’

ते आले. खांब धरला, पाठ त्याला टेकवली, टाचा जुळवल्या, तोंड माळाकडे केलं, आणि निघाले. मी त्यांना असं चालताना सात वर्षांत, म्हणजे कदाचित कधीच नीट बघितलं नव्हतं. किती भरभर. कुठं चाचपणं नाही, झुकणं नाही, मान वर. महिनाभर गुडघे दुखणाऱ्या माणसाची चाल नव्हती ती, घराकडं निघालेल्या माणसाची होती. मऊ मातीत पाय रुतत होता आणि तरी भरभर. हौद डावीकडे होता. म्हशी हौदावर होत्या. तात्या हौदाकडे जात नव्हते. ते तिरके निघाले होते, उजवीकडे, जिथं माझा रस्ता आत वळतो आणि रस्त्याच्या कडेला माझा चर आहे, तीन फूट खोल, काठ सरळ कापलेले, मी स्वतः दोरी लावून घेतले होते. काकीच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडे बघितलं. ती ओरडली नाही. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं, हे काम तुझं आहे, असं.

‘तात्या, थांबा!’

थांबले. एक पाय उचललेला.

‘मला माहीत नाही,’ मी म्हणालो. आवाज माझा नव्हता, कुणातरी लहान माणसाचा होता. ‘बोर कुठं होती, मला माहीत नाही. मी उगाच सांगितलं. पुढं चर आहे.’

 मला वाटलं, आता ते म्हणतील, म्हशी वीक. म्हणाले असते तर सुटलो असतो मी.

पाय त्यांनी जिथून उचलला होता तिथंच परत ठेवला. वळले नाहीत. ‘वरडलास,’ ते म्हणाले, ‘आन् मोजायचं तुटलं माझं. किती झाली पावलं?’

मी त्यांच्याकडेच तर बघत होतो. सबंध वेळ, डोळ्याची पापणी न हलवता. मला आकडा माहीत नव्हता.

‘किती रं? उलटं यायचं तर आकडा लागतो. हात धरून न्यायचा न्हाय मला.’

मी खाली बघितलं. मऊ मातीत त्यांच्या चपलांचे ठसे होते, खांबापासून त्यांच्यापर्यंत, टाच खोल, पुढचा भाग उथळ. मी खांबाशी गेलो आणि वाकलो.

‘एक,’ मी म्हणालो.

‘मोठ्यांदा.’

‘एक! दोन. तीन. चार.’ प्रत्येक ठशाशेजारी माझा बूट ठेवत गेलो. माझी पावलं लहान पडत होती, लांब टाकावी लागत होती. काकी गेटाशी तशीच. ‘नऊ. दहा. अकरा.’ तात्या पाठमोरे ऐकत होते, मान किंचित तिरकी, माझा प्रत्येक आकडा आपल्या पावलांच्या आठवणीशी ताडून घेत. चौदाव्यानंतर माती विस्कटलेली होती. एक ठसा होता, किंवा एकावर एक दोन. मी गुडघ्यावर बसलो. जवळून बघितलं. कडा कोसळलेल्या होत्या.

‘का थांबलास?’

‘तात्या, इथं एक आहे की दोन, मला कळत नाही.’



‘दोन,’ ते म्हणाले. ‘तितं ठेचकाळलो मी. चल पुढं.’

‘सोळा,’ मी म्हणालो.